माहितीतला आवाज

सोमवारी सकाळी सव्वानऊ वाजता दिपमालाने जावयाचं बटण दाबलं आणि तिला वाटलं, आवाजातून काहीतरी कुणी काढून नेलंय. जावई म्हणजे कुणी माणूस नव्हे. जळगावच्या एमआयडीसीतल्या त्या प्रयोगशाळेत यंत्रांचा गोंगाट मोजून दाखले देतात, आणि त्या मोजणीला एक आधीच ठाऊक असलेला, माहितीतला आवाज हाताशी लागतो. तो आवाज काढणारं हे यंत्र. प्रेशर कुकरएवढं, खाली तीन रबरी पाय, वर जाळीत बसवलेलं पंख्याचं चाक. चालू केलं की एकच भरलेला, सपाट सोसाटा, ना चढ ना उतार. वर्षातून एकदा ते बाहेरगावी मोठ्या संस्थेत जातं, तिथे त्याच्या आवाजाची जाड सुरापासून बारीक सुरापर्यंत पट्टीपट्टीने तपासणी होते, आणि सही-शिक्क्याचा कागद घेऊन ते परत येतं. कामावर नेताना गाडीत मधली अख्खी सीट त्याची, खाली गादी त्याची, वीज जरा कमी-जास्त झाली की बिघडणार तेही तेच. म्हणून जावई. नाव कुणी ठेवलं ते आता कुणाला आठवत नाही, पण प्रयोगशाळेचे प्रमुख प्रेमराज सर एरवी हसायलाही रीतसर परवानगी मागावी असे गंभीर, तेसुद्धा एकदा सरकारी पाहुण्यांसमोर ‘जावयांना आणा’ म्हणून गेले होते.

दिपमालाचा या जावयावर सोळा वर्षांचा जीव होता. कामाची पद्धतच तशी होती. कारखान्यात गेलं की ज्या जागी यंत्र आहे त्याच जागी आधी जावई मांडायचा, चालू करायचा, आणि खोली त्याच्या आवाजाचं काय करते ते मीटरवर बघायचं. पत्रे आवाज परत फेकतात, पोती गिळतात, प्रत्येक खोलीचा आपला स्वभाव असतो. मग तिथलं यंत्र चालवायचं. जावयाचा खरा आकडा कागदावर ठाऊक असतो, त्यामुळे खोलीने त्यात किती भर घातली आणि किती खाल्लं ते कळतं, आणि त्यावरून अनोळखी यंत्राचा खरा आकडा निघतो. सगळं हिशेबाचं काम. पण दिपमालाला त्यात हिशेबापलीकडचं काहीतरी दिसायचं. घरं बदलली, लग्न झालं, बाळंतपण झालं, नवरा भूपेंद्र रेल्वेत लागून बोदवड स्टेशनवर गेला आणि आठवड्याला एकदा घरी येऊ लागला, आईचे दात पडले, मुलगी तिच्या खांद्याला लागली. या सगळ्यात एक गोष्ट तीच राहिली, आणि ती म्हणजे दर सोमवारी सव्वानऊला या खोलीत, फरशीवरच्या पिवळ्या खुणेवर ठेवलेला हा आवाज. देवापुढे उभं राहावं तशी ती त्याच्यापुढे दोन मिनिटं उभी राहायची. तिला बरं वाटायचं.

आज मात्र तिने डोकं डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं. आवाज होता. जाडी होती, भरीवपणा होता. पण जरीचा काठ उसवून घेतलेलं लुगडं नेसवावं तसा तो बोडका वाटत होता. वरची बारीक सळसळ, जी कानाच्या आत कुठेतरी गार लागायची, ती नव्हती. सहा आठवडे जावई तपासणीला गेला होता, शनिवारी पार्सलने परत आला होता. वाटेत आपटला असणार. तिने मीटर बघितला. चार हजार हर्ट्झच्या, म्हणजे बारीक सुरांच्या पट्टीत अठ्ठ्याहत्तर पूर्णांक तीन डेसिबल. मागच्या वर्षी तेवढेच, त्याच्या मागच्या वर्षी अठ्ठ्याहत्तर पूर्णांक दोन. तिने माइक बदलला. अठ्ठ्याहत्तर पूर्णांक तीन. तिने मीटर बदलला. मीटरसुद्धा जावयाच्याच बाजूचा निघाला.

“तनवीर, तुला हा बदललेला वाटतो का रे?” तिने विचारलं. तनवीर तिचा मदतनीस, तिशी उलटलेला, गाडी चालवायचा, केबल ओढायचा, माइकचे स्टँड मांडायचा. मेहरूणमध्ये तिच्या घरामागच्याच गल्लीत राहायचा. तो केबल गुंडाळत होता, तो थांबला. तिच्याकडे बघितलं, मग जावयाकडे बघितलं. “थोडा वाटतो खरा, मॅडम,” तो म्हणाला.

तेवढं तिला पुरलं. तिने रजिस्टरमध्ये लिहिलं, ‘ध्वनिस्रोत संशयास्पद, पुन्हा तपासणीस पाठवावा’, आणि खाली सही केली. प्रेमराज सरांनी चष्मा कपाळावर चढवून ते तीनदा वाचलं. “ताई, आकडा तर जसाच्या तसा आहे. संशय कशाचा?” ती म्हणाली, “सर, मला ऐकू येतंय.” आणि बोलता बोलता तिच्या लक्षात आलं की वाक्य उलटं झालंय, ऐकू येत नाहीये म्हणूनच तर तक्रार आहे. पण तिने ते तसंच राहू दिलं. सरांनी रजिस्टर मिटून ठेवलं. दिपमालाच्या कानाचा त्या प्रयोगशाळेत दबदबा होता. चालत्या यंत्रापाशी उभी राहिली की कानावरच्या संरक्षक वाट्यांपैकी एक ती हळूच बाजूला करायची, मान कलती करायची आणि सांगायची, मागच्या बाजूचं बेअरिंग बघा. कारखानदार चकित व्हायचे. मीटर तर कुणालाही वाचता येतो, असं ती म्हणायची, आणि वाटी परत कानावर ठेवायला बहुतेक वेळा विसरायची.

दुपारी डबा खाताना मात्र तिचा घास तोंडात फिरत राहिला. हे सगळं कुठेतरी आधी घडून गेलंय असं वाटत होतं, आणि कुठे ते आठवू नये असंही वाटत होतं. पण आठवण काही परवानगी मागून येत नाही. धुळ्याचं ते पत्र्याचं शेड आधी नाकाला आठवलं, मिरचीच्या खकाण्याने नाक हुळहुळलं. तिची आई ताईबाई मिरची-मसाल्याचं कांडप चालवायची. लोखंडी उखळात लोखंडी मुसळं, वर पट्ट्यावर फिरणारं मोटरचं चाक, आणि फाल्गुनापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत सकाळी सातला सुरू झालेला धाडधाड जो ठोका तो दिवेलागणीपर्यंत. बायका तोंडाला पदर बांधून रांगेत बसायच्या. दिपमाला शाळेतून आली की दप्तर टाकून चाळण धरायची. तर एका वर्षी ताईबाई म्हणायला लागली, कांडप बिघडलं. ठोक्यात दम राहिला नाही. तिने नूर महंमद मिस्त्रीला बोलावलं. त्याने सगळं खोललं, पुसलं, तेल घातलं, जोडलं. ताईबाई कान देऊन उभी राहिली आणि आपल्या अहिराणीत म्हणाली, “नही. आवाज मरेलच शे.” त्याने दुसऱ्यांदा खोललं. तिसऱ्यांदा खोलताना तो कावला. “अक्का, मशीनले काहीच व्हयेल नही. मी कुरानवर हात ठी सांगस.” ताईबाई भडकली. “तू माले येडी समजस का? मन्ही पोरले इचार. सांग वं, आवाज कमी व्हयेल शे ना?”

दिपमाला तेव्हा तेरा वर्षांची होती. मशीन तिच्या समोर धडधडत होतं आणि तिच्या दातांत ठोके बसत होते, जसे मागच्या वर्षी बसायचे, अगदी तसेच. नूर महंमद तिच्याकडे बघत होता. आई तिच्याकडे बघत होती. आईचे डोळे मिरचीने लाल झालेले, आणि त्यात पोरीने पहिल्यांदाच पाहिलेली भीती. “हो, कमी झालाय,” दिपमाला म्हणाली. मिस्त्रीने आपली पाने-पकडी गोळा केली, पैसे न घेता निघून गेला, आणि पुन्हा त्या गल्लीत आला नाही. ती खोटं का बोलली हे तिला पुढे कितीतरी वर्षं सांगता आलं नाही. आईला वाईट वाटू नये म्हणून, असं ती स्वतःला सांगायची. पण त्याच उन्हाळ्यात तिला दुसरी एक सवय लागली होती, आणि ती सवय तिने आजवर कुणाला सांगितली नव्हती. आई पाठमोरी असली की ती तिच्याशी बोलायची. तोंडावर बोलता येत नाही ते सगळं. तुझ्या हाताला वास येतो. मला तुझ्यासारखं व्हायचं नाही. मी पळून जाईन. एकदा तर, ‘तू मेलीस तर बरं होईल’ असं तिने आईच्या पाठीला सावकाश, शब्द न शब्द सुटा करून सांगितलं, आणि आई पाठमोरीच मिरच्यांची देठं खुडत राहिली. वाक्य हवेत गेलं आणि काहीच झालं नाही. तो भयंकर मोकळेपणा तिला अजून आठवत होता.

गुरुवारी धुळ्याचंच काम निघालं. ललित भाऊंचा तेलघाणे बनवायचा छोटा कारखाना, नव्या घाण्याच्या पाटीवर आवाजाचा आकडा कोरायचा होता. जावई संशयित असला तरी दुसरा नव्हता, तेव्हा त्यालाच गादीवर बसवून नेला. ललित भाऊ मोठा मोकळा माणूस, पाणी दिलं, चहा दिला, शेवभाजी खाल्ल्याशिवाय जायचं नाही असं बजावलं, आणि कारखाना दोन तास बंद करून सगळी माणसं बाहेरच्या निंबाखाली बसवली. शेडमध्ये दिपमाला आणि तनवीर उरले. सगळ्यात आधी मोजायची ती शांतता. यंत्र बंद, जावई बंद, आणि मग खोलीत उरतं ते किती, हे बघायचं. फॉर्मवर त्याचा चौकोन असतो, ‘पार्श्वभूमी कानाने तपासली’, त्यापुढे सही. सोळा वर्षांत तिने ती सही किती वेळा केली असेल त्याला गणती नव्हती.

ती उभी राहिली. शांत होतं. पत्र्यावर ऊन तापत होतं, बाहेरून महामार्गावरच्या ट्रकांची घरघर येत होती, ती जाड होती, दूरची होती, चालण्यासारखी होती. तिने पेन काढलं आणि सवयीने मीटरकडे नजर टाकली. चार हजारच्या पट्टीत आकडा वर चढला होता. अठ्ठावन्न. बघता बघता तो खाली आला, तीसवर. मग परत अठ्ठावन्न. परत तीस. कुणीतरी श्वास घ्यावा तसा तो वर-खाली होत होता. तिने चौफेर पाहिलं. घाणे उभे होते, भिंतीशी रिकाम्या पोत्यांची थप्पी होती, कोपऱ्यात अंधार होता. अठ्ठावन्न डेसिबल म्हणजे समोर बसून माणूस बोलतो तेवढा आवाज. त्या खोलीत कुणीतरी तिच्याशी तेवढ्या मोठ्याने बोलत होतं आणि तिथे कुणी नव्हतं. “तनवीर, काही ऐकू येतंय?” तिने विचारलं. तो दाराशी उभा होता. त्याने क्षणभर पोत्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “नाही मॅडम,” तो म्हणाला, “काही नाही.”

मग तिने मीटर हातात घेतला आणि आकड्याच्या मागे चालायला लागली. डावीकडे गेलं की आकडा उतरायचा, पोत्यांकडे गेलं की चढायचा. एकसष्ट. चौसष्ट. आपण आंधळे आहोत आणि काठी टेकत चाललोय असं तिला वाटलं, फक्त हे आंधळेपण डोळ्यांचं नव्हतं. सत्तर. ती पोत्यांपाशी वाकली, वरची दोन पोती सरकवली. भिंतीच्या भेगेत एक रातकिडा बसला होता. भर दिवसा, अंधार बघून. बोटाच्या पेराएवढा, तपकिरी, पंख उचललेले. ते पंख थरथरत होते. थरथरले की आकडा चढायचा, थांबले की उतरायचा. तिने कान त्याच्या वीतभर अंतरावर नेला. पंख थरथरत होते, ते तिला दिसत होतं. आणि शांतता होती, काचेच्या पलीकडे असावी तशी. भाद्रपद होता. मेहरूण तलावाच्या काठाने ती रोज संध्याकाळी चालत घरी जायची आणि गेले कित्येक दिवस शेजारणीला सांगत होती की या वर्षी किडे नाहीत, औषधं मारून मारून सगळे मेले. शेजारीण बिचारी हो म्हणायची.

तिने वळून तनवीरकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता. “तुला हे ऐकू येत होतं,” ती म्हणाली. “सोमवारी जावई बदललेला नव्हता.” “नव्हता, मॅडम.” “मग खोटं का बोललास?” तिचा आवाज चिरकला असावा, तिला नीट कळलं नाही. तनवीरने तोंड वर केलं. “तुम्ही इतक्या खात्रीने विचारलं. मला वाटलं, तुम्हाला वाईट वाटेल.” आणि मग धरण फुटल्यासारखं त्याने सगळंच सांगून टाकलं. गाडीत बेल्ट लावायचा राहिला की ती टुंई टुंई करते, ते तुम्हाला दोन वर्षांपासून कळत नाही. मी नुसता हात पुढे करून पट्टा तुमच्याकडे देतो, तुम्ही लावता. मीटरची बॅटरी संपत आल्याची पिप वाजते, मी आधीच बदलून ठेवतो. आम्ही सगळे जरा जपून वागतो, मॅडम. सगळे म्हणजे कोण, हे तिने विचारलं नाही. दोन वर्षं ही माणसं तिच्याभोवती तिच्या न ऐकण्याच्या मापाचं जग शिवून देत होती, आणि ते तिला इतकं बेमालूम बसलं होतं की तिला शिवण कधी टोचली नाही. तिला राग आला पाहिजे होता. पण समोर नूर महंमद पाने-पकडी गोळा करत होता, आणि एक तेरा वर्षांची पोर मान हलवत होती.

तिने फॉर्म पुढे केला. “या चौकोनात तू सही कर. ऐकून कर. इथून पुढे ऐकायचं काम तुझं.” त्याने पेन हातात घेतलं पण सही करवेना. ती म्हणाली, “कर रे, यात लाजायचं काय,” आणि तिचे डोळे भरून आले. किडा एका कागदात धरून बाहेर सोडला, मोजणी पुरी केली, शेवभाजी खाल्ली. निघण्याआधी तिने प्रेमराज सरांना फोन करून सांगितलं की सोमवारची नोंद मी उद्या खोडून सही करते, जावई चांगला आहे, माझे कान तपासायला हवेत. सर म्हणाले, “ताई, नोंद तशीच असू द्या, मी बघतो.” तेही जपूनच वागत होते. “नाही सर, खोडायचीच,” ती म्हणाली.

पारोळा गेलं, एरंडोल गेलं, आणि वाटभर ती हरवलेल्या वस्तूंची यादी करत बसली. सामान्य चोरी झाली तर माणसाला कळतं काय गेलं. इथे गेलेल्या गोष्टीने आपल्या जागी भोकसुद्धा ठेवलं नव्हतं. चिमण्या. पैंजण. गॅस लावतानाची काडी. कपाटातल्या पिशवीची खसखस. तिने ही नावं मनात घेतली आणि प्रत्येक नावाबरोबर आवाज आठवून बघितला, तो आठवत होता. आठवणीतला आवाज शाबूत होता, म्हणूनच इतके दिवस फसगत झाली होती. मन जुना आवाज काढून नव्या दृश्याला जोडत होतं. जावयाचंही तेच, मधल्या सहा आठवड्यांच्या खंडाने काय ते उघडं पडलं. आणि मग एरंडोलच्या पुढे, कुठल्याशा ढाब्यापाशी, यादीत आपोआप एक नाव आलं. रूपा.

रूपा, तिची लेक, तेरा वर्षांची. वर्षभरापासून ती घुमी झाली होती. वयच तसं असतं, असं दिपमालाने भूपेंद्रला सांगितलं होतं, आणि मैत्रिणींना, आणि स्वतःला. ‘आई’ म्हणून हाक मारते, आणि पुढे बोलतच नाही, नुसती उभी राहते, मग निघून जाते. हल्लीची मुलं वाक्यच पुरी करत नाहीत. दिपमालाला त्या हाका एकेक करून आठवायला लागल्या. स्वयंपाकघरात पाठीमागून आलेली ‘आई’. मशीनमध्ये कपडे घालताना. एकदा पहाटे पाचला, पांघरुणाच्या कडेशी उभी राहून, ‘आई’, आणि दिपमाला अर्धवट झोपेत ‘हं, झोप’ म्हणाली होती. हाकेच्या पुढे शांतता होती, असं ती समजत होती. आज दुपारी पोत्यांच्या मागेही शांतता होती. “तनवीर,” ती म्हणाली, “मीटर आज मी घरी नेते.” तो हो म्हणाला, आणि का ते विचारलं नाही.

घरी पोचली तेव्हा साडेसहा झाले होते. ताईबाई पलंगावर बसून लसूण सोलत होती. ती दोन वर्षांपासून इथेच होती, आता दोन्ही कानांनी ठार. तिने लेकीचं तोंड बघितलं. “तुन्हं तोंड काबरं उतरेल शे? जेवनी का?” “जेवनू, माय,” दिपमाला म्हणाली आणि मान हलवली. रूपा आतल्या खोलीतून आली, आजीसमोर गुडघ्यावर बसली आणि तोंड मोठं उघडून, एकेक अक्षर ओठांवर मांडून म्हणाली, “आ-जी, च-हा?” आजी हसली. रूपाला हे कुणी शिकवलं नव्हतं, ती आपली आपण शिकली होती. चहा करायला ती ओट्याकडे गेली. दिपमालाने पंखा बंद केला, फ्रिजचं बटण बंद केलं, जेवणाच्या टेबलाशी दाराकडे पाठ करून बसली आणि मीटर समोर ठेवला. चार हजारची पट्टी लावली. वीस. एकोणीस. वीस. घर रिकामं असतं तेव्हाचा आकडा.

चहाचा कप तिच्या डाव्या हाताशी आला. रूपाचा हात दिसला, मागे गेला. पावलं फरशीवर जाड आवाजात दोनदा वाजली आणि थांबली, दारात, तिच्या पाठीशी. “आई,” रूपा म्हणाली. ते ऐकू आलं. “हं,” दिपमाला म्हणाली आणि वळली नाही. एरवीही वळत नसे. तिने आकड्याकडे बघितलं. एकवीस. मग अठ्ठावीस. मग चौतीस. मग खाली, आणि परत छत्तीस. रातकिड्यासारखा नेमका नव्हता, वेडावाकडा होता, कुठे अडत होता, कुठे घाईने चढत होता. खोलीत काहीही ऐकू येत नव्हतं. पाठीमागे तिची पोर कुजबुजत होती, आणि कुजबूज म्हणजे सगळी बारीक सळसळच. किती दिवसांपासून, ते मीटरच्या या डबीला सांगता येत नव्हतं. काय, तेही सांगता येत नव्हतं, तिला फक्त किती एवढंच कळतं. पण पाठमोऱ्या बहिऱ्या आईला तेराव्या वर्षी काय काय सांगता येतं, ते दिपमालाला पुरेपूर माहीत होतं. पलंगावर ताईबाई मान खाली घालून लसूण सोलत होती. तिच्या पाठीत किती वाक्यं रुतलेली होती, आणि तिला ती कधी लागली नव्हती, की लागली होती.

दिपमाला वळली. आकडा वीसवर आला असणार. रूपाचं तोंड अजून अर्धवट उघडं होतं, आणि चोरी पकडलेल्या माणसासारखे तिचे कान लाल झाले. “मला ऐकू येत नाही, रूपा,” दिपमाला म्हणाली. “आज कळलं. तुला आधीच कळलं होतं ना?” “काय म्हणत होतीस?” रूपा गुडघ्यांवर बसली, आईच्या तोंडासमोर तोंड आणलं, आणि जसं आजीशी बोलते तसं मोठं तोंड उघडून, एकेक अक्षर ओठांवर मांडून म्हणाली, “का-ही ना-ही.”

त्या तोंडाकडे बघताना दिपमालाला एकदम म्हातारं झाल्यासारखं वाटलं. ओरडावं, हलवावं, सांग म्हणून पोरीच्या हाताला धरावं असं वाटलं. तिने तसं केलं असतं तर रूपाने काहीतरी सांगितलं असतं, आईला वाईट वाटू नये असं, आणि ते खोटं असतं. समोरून येणारं सगळं आता असंच येणार होतं, जपून, मोठ्या तोंडाने. खरं जे होतं ते फक्त पाठीला सांगितलं जात होतं. तिने रूपाच्या गालावर हात ठेवला. “बरं,” ती म्हणाली. “मी आता वळते. तुला जे म्हणायचं ते म्हण. मला शब्द कळणार नाहीत. पण तू बोलतेयस हे मला दिसेल. मी उठणार नाही.”

ती वळून बसली. चहावर साय धरली होती. वीस. वीस. एकोणीस. पाठीमागे पोर आहे की निघून गेली, तेही कळायला मार्ग नव्हता, आणि तिने मागे न बघायचं कबूल केलं होतं. रस्त्यावरून एक रिक्षा गेली. ताईबाईने लसणाची टरफलं ताटलीत गोळा केली. वीस. मग बावीस. एकतीस. अडतीस. आकडा थांबला, पडला, परत चढला, चव्वेचाळीस, एकोणपन्नास, आता ही साधी कुजबूज राहिली नव्हती, नुसत्या श्वासाचं ओरडणं होतं, आणि दिपमालाच्या पाठीवर गरम श्वासाचे झोत यायला लागले, रूपा इतकी जवळ आली होती. दिपमालाने टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली आणि पाठ ताठ केली. त्रेपन्न. सत्तावन्न. ती उठली नाही.